दिवा वाढवला

“आज बी एक दिवा वाढवला म्या. त्येंला कळू दिलं न्हाई.”

स्वयंपाकघरातून कोकिळाचा हा दबका आवाज आला, तेव्हा सूर्यभान दुपारच्या झोपेच्या उंबऱ्यावर होता. एक पाय आत, एक पाय बाहेर. त्या दोन वाक्यांनी बाहेरचा पाय धरून त्याला ओढून काढलं. तो पडल्या जागी पडून राहिला. डोळे मिटलेले, श्वास मुद्दाम लांबवलेला, गाढ झोपलेल्या माणसाचा असावा तसा. पलीकडे पिंकी असणार, पुण्याला दिलेली लेक. पिंकीशी बोलताना कोकिळाचा आवाज असा खाली बसतो, चुलीवरचं दूध फुंकर मारून बसवावं तसा. “व्हय गं... झोपलेत... न्हाई, शक न्हाई आला अजून. बघू, कुठवर निभतंय.” मग बोलणं संपलं. पातेल्यात पाणी पडलं, बांगड्या वाजल्या, घर पुन्हा दुपारचं घर झालं. परभणीतल्या त्यांच्या घराखालच्या रस्त्यानं गंगाखेडकडं जाणारी उसाची ट्रॉली खडखडत गेली आणि तिच्यामागून धुळीचा वास खिडकीतून आत आला. सगळं रोजचंच. फक्त सूर्यभानच्या छातीत एक शब्द आडवा पडला होता, फाटकात गाडी बंद पडावी तसा. वाढवला.

दुसऱ्या कुठल्या घरात हा शब्द सरळ ऐकला गेला असता. या घरात दिवा कधी विझला नाही. विझला म्हणायचं नाही, अशी सूर्यभानच्या आईची, तानुबाईची, सक्त ताकीद. कोकिळा पोखर्णीहून नवी नवरी म्हणून आली आणि पहिल्याच सांजेला म्हणाली, “आत्याबाई, वाऱ्यानं दिवा विझला.” तानुबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं, सुनेच्या तोंडावर बोट धरलं आणि म्हणाली, “बाई, बांगडी फुटत न्हाई, वाढती. कुकू पुसत न्हाई, वाढतं. अन् दिवा विझत न्हाई, वाढतो. वंगाळ शब्दाला घर दाखवूने.” तेव्हापासून कोकिळाच्या तोंडी तेच. घरात वीज आली, बटनं आली, ट्यूबलाइट आली, तरी निजताना ती म्हणायची, “बल्ब वाढवा आता.” सूर्यभान हसायचा. म्हणायचा, “अगं, तू वाढवायला सांगतीस अन् मी अंधार करतो. बिल तेवढं कमी होतंय, म्हणजे तुझंच खरं.” ती लटक्या रागानं कूस वळायची. असं हसत-खेळत तो शब्द उलटा होऊन त्याच्या हाडात मुरला होता. म्हणून आता त्याला भाषांतर करावं लागलं नाही. वाढवला म्हणजे मालवला. रोज एक दिवा. त्याच्या नकळत. लेकीला सांगून.

आणि घरात दिवे म्हणण्यासारखे दिवे होते ते एकाच ठिकाणी, वरच्या खोलीत.

वरच्या खोलीत गंगाखेड होतं. भिंतीला लागून मोठं टेबल, त्यावर प्लायवूडची जमीन, लाकडी भुशाचं शेत, काचेची गोदावरी आणि तिच्यावर सूर्यभाननं सायकलच्या आऱ्यांपासून बांधलेला पूल. बोटाएवढे डबे, मुठीएवढं इंजिन. पिंकीनं निवृत्तीच्या वेळी ते इंजिन गोल रुळांसकट खोक्यात घालून पाठवलं होतं. “बाबा, तुमच्यासाठी गाडी.” सूर्यभाननं ते एकदा गोल फिरवलं आणि त्याला कसंसंच झालं. सिग्नल नाही, स्टेशन नाही, कुणी विचारणारं नाही, आणि गाडी आपली फिरतेय, घाण्याच्या बैलागत. या पोरक्या गाडीला गाव द्यायला हवं, म्हणून त्यानं गंगाखेड बांधायला घेतलं. उभा जन्म त्यानं स्टेशन मास्तरकी केली, कधी पूर्णा, कधी सेलू, आणि सर्वांत जास्त गंगाखेड. टेबलाच्या कडेला आता पॅनेल उभं राहत होतं: काळी फळी, तिच्यावर रुळांचा पांढरा नकाशा, आणि नकाशात जागोजागी हरभऱ्याएवढे लाल दिवे. ज्या तुकड्यावर इंजिन असेल त्या तुकड्याचा दिवा लागायचा. अजून सगळे बसले नव्हते. सूर्यभान रोज सकाळी एक दिवा बसवायचा. दिव्याला दोन पाय, एक लांब, एक आखूड. एकाला लाल तार, एकाला काळी. सोल्डरिंगच्या कथलाचा थेंब, राळेचा धूर, झालं. पाय उलटे लागले तर दिवा मुका. तपासायचा मात्र संध्याकाळी, झोप झाल्यावर. ही त्याची नोकरीतली शिस्त. जोडणाऱ्या डोळ्यानं तपासू नये, मध्ये डोळा मिटून उघडला पाहिजे, असं तो म्हणायचा. आणि रोज संध्याकाळी दिवा लागायचा. एकदाही मुका निघाला नव्हता. वय झालं तरी हात इमानी आहे, या सुखात त्याचे दिवस चालले होते.

त्या संध्याकाळी तो वर गेला तो चोरट्यासारखा, स्वतःच्याच घरात. इंजिन बोटानं एकेका तुकड्यावर ढकलत गेला. फलाटावर आणलं, फलाटाचा दिवा लागला. साइडिंगला नेलं, साइडिंगचा लागला. आज सकाळचा, फाटकाचा, तोही लागला. सगळे लागत होते. त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट त्या हरभऱ्याएवढ्या लाल डोळ्यांत त्याला काहीतरी दडवल्यासारखं दिसू लागलं. माहेरच्या माणसासमोर सून हसते तसे ते दिवे हसत होते. मग ती कुठला वाढवते? का आज ढिला करून ठेवते, उद्या पडावा म्हणून?

दिव्यावर असा शक घेण्याची त्याला सवय नव्हती. केबिनमध्ये बसलेल्या माणसाला गाडी दिसत नाही, हे बाहेरच्या लोकांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, मास्तर खिडकीतून बघतो आणि हिरवा देतो. मास्तर बघतो ते फळीवरच्या दिव्याकडे. दिवा सांगतो, गाडी इथं आहे. बाहेर धुकं असो, धूळ असो, दिव्याचं ऐकायचं. गंगाखेडला एका सकाळी रिकाम्या लाईनीवर लाल दिवा लागला होता. गाडी नव्हती, यायची होती. त्यानं फाटकवाल्या आश्रुबाला पळवलं. आश्रुबा धापा टाकत परत आला, “मास्तर, म्या सोता डोळ्यानं बघून आलो, लाईन मोकळी हाय. आईची आण.” एक्सप्रेस बाहेर उभी, वरून फोनवर फोन, पॅसेंजर खाली उतरून ऊस मोडून खायला लागलेले. सूर्यभाननं गाडी आत घेतली नाही. मग तोच गेला रुळावरून चालत, आणि फाटकाच्या अलीकडे त्याला उसाच्या ट्रॉलीची साखळी दिसली, दोन्ही रुळांवर आडवी पडलेली, सापासारखी निवांत. लोखंडानं दोन्ही रूळ जोडले की फळीवरच्या दिव्याला ती गाडीच वाटते. आश्रुबा खोटं बोलला नव्हता. तो गाडी शोधायला गेला होता, म्हणून त्याला साखळी दिसली नाही. त्या दिवसापासून सूर्यभाननं मनाशी धरलं, की माणसाचा डोळा त्याला जे शोधायचं तेवढंच बघतो. दिव्याला काही शोधायचं नसतं. ही गोष्ट त्यानं किती जणांना सांगितली असेल! कोकिळाला तर इतक्यांदा, की तो “एका सकाळी” म्हणाला की ती “साखळी” म्हणायची आणि पोळी लाटत राहायची.

मग त्याला मागचं एकेक आठवू लागलं. शक हा असाच असतो, एक धागा ओढावा तर अख्खं पातळ उसवतं. दिवाळीला पिंकी आली होती तेव्हा म्हणाली होती, “बाबा, आता तिकडंच चला. दोघंच इथं किती दिवस?” तो म्हणाला होता, “गंगाखेड कोण सांभाळील?” पिंकी हसली होती, पण हसताना तिनं आईकडे पाहिलं होतं. मग नांदेडचा डॉक्टर. ब्लडप्रेशर दाखवायला म्हणून नेलं आणि त्या डॉक्टरनं कागद देऊन घड्याळ काढायला लावलं. “काका, यात पाच वाजून दहा मिनिटं दाखवा.” सूर्यभान म्हणाला, “सकाळचे का संध्याकाळचे? आमच्याकडं सतरा-दहा वेगळे.” डॉक्टर खळखळून हसला. कोकिळा हसली नाही. तिनं कागदाकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. ब्लडप्रेशरला घड्याळ कशाला, हे तेव्हा विचारायचं राहून गेलं होतं. आता सगळं नीट रुळाला लागत होतं. पुण्याला न्यायचंय. म्हातारा गंगाखेड सोडत नाही. मग गंगाखेडच मोडायचं. एकदम मोडलं तर आकांत करील. रोज एक दिवा वाढवायचा, म्हणजे तो आपणच कंटाळेल, आपणच म्हणेल, आवरा हे. लेकीची अक्कल आणि आईचा हात.

दुसऱ्या दिवशी सिद्धोधन आला. सिग्नल खात्यात होता, सूर्यभानच्या बरोबरीनंच निवृत्त झालेला, गल्लीच्या तोंडाशी राहायला. त्याचा आवाज त्याच्या आधी जिना चढायचा.

“मास्तर, गंगाखेडला गाडी आली का?”

“तुमी आलाव म्हणल्यावर लेटच असणार.”

“आमच्यामुळं कधी लेट झाली? तुमी मास्तर लोक चहा पीत बसायलाव अन् नाव सिग्नल खात्याचं.” तो खुर्चीत बसला, कोकिळानं दिलेला कप तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं. “वैनी, उसाचं ठेसन बांधलंय वर, अन् चहा असा फिका?”

“तुमच्या बायकोचा निरोप आलाय, भाऊजी. साखर तिनंच बंद केली.”

“म्हंजे दोन्ही घरी कंट्रोल एकच!” सिद्धोधन हसला. खिशातून त्यानं बारीक कथलाची गुंडाळी काढली. “हे घ्या वैनी, तुमचं सामान.” आणि मग, रुळाचा सांधा बदलावा तसं झटकन, “म्हंजे मास्तरचं. मास्तर, घ्या.”

सूर्यभाननं गुंडाळी घेतली. सिद्धोधन पॅनेलपुढं वाकला, चष्मा कपाळावर चढवला. “लय बारीक काम. हात अजून चाल्तोय तुमचा.” हे बोलताना त्यानं कोकिळाकडे पाहिलं आणि कोकिळानं कपाकडे. सूर्यभाननं त्या दोघांकडे पाहिलं. तुमचं सामान. हाही सामील. ज्याच्याबरोबर पावसात, चिखलात खांबावर चढून तारा जोडल्या, भाकरी वाटून खाल्ली, तो. त्याला एकदम खूप एकटं वाटलं, आणि एकटेपणाच्या खाली एक थंड हुशारी जागी झाली. आता पुरावा पाहिजे. मास्तर पुराव्याशिवाय कागद काढत नाही.

कोकिळा खाली गेल्यावर, सिद्धोधन गेल्यावर, त्यानं पॅनेलची मागची फळी काढली. मागे तारांचं जंगल होतं. लाल तारा, काळ्या तारा, रोज वाढत गेलेल्या. त्याची स्वतःची जोड त्याला डोळे झाकून ओळखू यायची. आकडीत आकडी अडकवून वर कथील, ओढली तरी न सुटणारी. पण दिव्यांच्या पायांशी आकडी नव्हती. तिथं तारेला पीळ होता. मऊ, सारखा, एका अंगाला वळत गेलेला, टोकाला निमुळता. त्यानं बोट फिरवलं आणि बोटाला आधी कळलं. ही वात होती. सेलूच्या जिनिंगवरून भाऊ आणून देतो तो कापूस मांडीवर घेऊन कोकिळा तिन्हीसांजेला वाती वळते, तळहातावर तळहात, आणि ओठांत पुटपुटते,

दिव्याला पदर, आडवा मी धरी
वाऱ्याला ग सांगा परी, दार नाही

तोच पीळ. तिच्याच तळहाताचा. एका दिव्याला नाही, जवळजवळ प्रत्येकाला. सूर्यभान फळी हातात धरून जमिनीवर बसून राहिला. चोर सापडल्याचा आनंद असा का लागतो, चावल्यासारखा? त्याला तिचे हात दिसत होते, दुपारच्या उन्हात, तो खाली घोरत असताना, त्याच्या दिव्यांच्या पायांशी. किती शांतपणे वळल्या असतील. घाई नाही, धांदल नाही. इतकी वर्षं ज्या हातानं ताटात वाढलं. आणि हाही शब्द तोच, वाढलं! त्याला या शब्दाचा आता संताप येऊ लागला. पोटात अन्न घालतो तोही, कुंकू नेतो तोही.

सापळा त्याला सकाळी सुचला, दाढी करताना, आरशात डावा गाल उजवीकडे दिसला तेव्हा. ती काय करत असणार? आजवर नुसता हात बसवून घेतला असेल, आता दिव्याचे पाय उलटे लावणार. दिवा मुका करायची तीच एक सोपी रीत. मग आपणच दिवा मुद्दाम उलटा बसवायचा. तिनं हात लावला, पाय फिरवले, की तो सुलटा होणार आणि संध्याकाळी टकाटक लागणार. दिवा लागला की ती सापडली. स्वतःच्या डोक्याचं त्याला कौतुक वाटलं. अजून चालतंय म्हणायचं इंजिन. पुलाचा दिवा बाकी होता, सगळ्यांत लाडका, गोदावरीवरचा. तोच त्यानं घेतला. नेहमीसारखा त्याचा हात आखूड पाय धरून लाल तारेकडे गेला. त्यानं हात थांबवला. आज उलटं. आज मुद्दाम चुकायचं. लांब पाय लाल तारेला, आखूड काळीला. चुकीचं काम करताना हाताला किळस येते हे त्याला नव्यानं कळलं. पाळण्यातल्या लेकराला चिमटा काढावा तसं वाटलं. आकडीत आकडी घातली, कथलाचा थेंब ठेवला. मग मागची फळी लावली, दोन स्क्रूंच्या डोक्यांना दोरा गुंडाळला, नोकरीतली उरलेली लाखेची कांडी मेणबत्तीवर धरून त्यावर लाल ठिपका सोडला आणि गरम असतानाच अंगठा दाबला. भाजलं. बरं वाटलं. आता हिनं फळी काढली तर लाख मोडणार, दिवा लागणार. दोन साक्षीदार.

जेवताना कोकिळा म्हणाली, “अंगठ्याला काय झालं?”

“काय न्हाई. भाजला.”

“बघू.” तिनं त्याचा अंगठा धरला, फुंकर घातली आणि देवळीतल्या निरांजनातलं तूप बोटावर घेऊन लावलं. सूर्यभाननं हात ओढून घेतला नाही, कारण ओढला असता तर तिला शक आला असता. तुपाचा वास दुपारभर बोटाला राहिला. तो उशीवर डोळे मिटून पडला आणि कान उघडे ठेवले. बऱ्याच वेळानं जिन्याची तिसरी पायरी वाजली. ती वर गेली. वरून काही आवाज आला नाही. मग, वाटलं होतं त्यापेक्षा फार लवकर, पायरी पुन्हा वाजली. ती खाली आली. फोन केला नाही. भांडं वाजलं नाही. अख्ख्या घरात तिचा कुठंच आवाज नव्हता, आणि ती शांतता त्याला कबुलीजबाबासारखी वाटली.

ऊन कलल्यावर तो वर गेला. खिडकीतून तिरीप आली होती आणि काचेची गोदावरी पिवळी झाली होती. त्यानं इंजिनावर बोट ठेवलं, फलाटावरून हळू ढकललं, फाटकातून पुढे, आणि पुलावर आणलं.

पुलाचा दिवा लागला.

लाल. स्वच्छ. न लुकलुकता.

“कोकिळा!” त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. “वर ये. आत्ताच्या आत्ता.”

ती आली. गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पायरी, पुढं काय आहे हे ठाऊक असलेल्या माणसासारखी. दारात थांबली. तिची नजर आधी त्याच्याकडे नाही, पॅनेलकडे गेली. पुलाच्या दिव्यावर. आणि तिचा चेहरा असा उजळला, की सूर्यभानला तिच्या निर्लज्जपणाचं आश्चर्य वाटलं.

“पिंकीला फोन लाव,” तो म्हणाला. “सांग तिला, आजचा दिवा काय वाढला न्हाई. सांग, बाप अजून जागा हाय.”

“काय बोलायलाव?”

“ऐकलंय मी. रोज एक दिवा वाढवायलीस. त्येंला कळू दिलं न्हाई म्हणे! मागं तुझ्या वाती बी बघितल्यात, तारंच्या. पुण्याला न्यायचंय ना मला? मग तोंडावर म्हणायचं. दिवे कामून मालवायलीस माझे, चोरून?”

कोकिळा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं, हसण्यातून पाणी आलं, आणि ती दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली.

“अवो, मी काय वैरीण हाय तुमची, दिवे मालवायला? वाढवला म्हणलं म्या. वाढवला! जास्तीचा लागला म्हणून वाढवला. मराठी येत न्हाई का तुमाला?”

“आपल्या घरात वाढवला म्हणजे...”

“आपल्या घरात! पुण्यात ऱ्हाऊन पिंकीला कुठं ध्यानात ऱ्हायलंय आपल्या घरातलं? मागं तिला म्हणलं ट्यूब वाढव, तर पोरीनं पंखा वाढवला. ‘आई, सरळ बोलत जा,’ म्हणाली. तवापासून तिच्यासंगं पुस्तकातलं बोलते. वाढला म्हंजे वाढला.” तिनं पदरानं डोळे टिपले. “तुमी लावलेले दिवे लागत नव्हते, धनी. पाय उलटे बसायलेत तुमच्या हातनं. दसऱ्यापास्नं. दुपारी झाडताना इंजिन सरकलं अन् पहिला मुका दिवा बघितला तवा सिद्धोधन भाऊजींना इचारलं. म्हणलं सांगू नका, फकस्त शिकवा. पण त्येंनी काय शिकवायचं, तुमीच शिकवलेलं याद व्हतं. ‘लांबच्या पाव्हण्याला लाल गालिचा, लांब पाय लाल तारेला.’ मी पोळ्या लाटायले अन् तुमी दिवा नाचवत सांगायलाव. सकाळी तुमी लावायचे, दुपारी मी फिरवायचे. जीव हाय हो तुमचा ह्याच्यात. एका संध्याकाळी जरी मुका निघाला असता, तर...”

तिनं वाक्य तिथंच ठेवलं. सूर्यभानचा हात पॅनेलच्या मागे गेला होता. लाख जागेवर होती. दोरा ताणलेला. ठिपक्यावर त्याच्याच अंगठ्याच्या रेषा, गोल गोल, कुठंही तडा नाही.

“ती लाख बघितली म्या दुपारी,” कोकिळा म्हणाली. “अन् उलट्या पावली खाली गेले. म्हणलं, झालं, आज दिवा मुका ऱ्हातोय अन् त्येंला समदं कळतंय. देवापुढं बसून व्हते.” ती गुडघ्यावर जोर देत उठली, पॅनेलजवळ आली आणि त्या लाल दिव्यापुढं तिनं तळहात धरला, निरांजनापुढं धरावा तसा. “अन् हा बघा. ह्याला माजा हात बी लागला न्हाई. तुमीच लावलाव. सरळ. बरोबर. डॉक्टर म्हणला व्हता, हे इसरणं कवा कवा सुधारतंय.” तिचा आवाज पोरीचा झाला होता. “सुधरायलाव तुमी.”

सूर्यभान दिव्याकडे बघत होता. फळीवरच्या दिव्याचं ऐकायचं, हे त्यानं उभ्या जन्मात पाळलं होतं, आणि दिवा आता त्याला सांगत होता. ज्याला मी बरोबर म्हणतो ते उलटं आहे. मी ठरवून, मन लावून, किळस येईपर्यंत चुकलो, म्हणून बरोबर झालं. दसऱ्यापासून. त्याच्या आधीपासून कशावरून नाही? आज सकाळी हात आखूड पायाकडे किती खात्रीनं गेला होता! ती खात्री अजून हातात होती, ऊबदार, जशीच्या तशी. आत्ताही त्याला वाटत होतं, आखूडच लालला. कोकिळा म्हणाली लांब, दिवा म्हणाला लांब, आणि आतला म्हणत होता, आखूड, आईची आण, मी सोता बघितलंय. तो आतला खोटारडा असता तर बरं झालं असतं. तो प्रामाणिक होता.

कोकिळानं फोन काढला होता. “पिंके, आज तुज्या बाबांनी सोत्ता लावला! व्हय गं, बरोबर! पुलाचा! न्हाई, मी हात बी न्हाई लावला, मधी सील व्हतं...” पलीकडून लेकीचा आनंदाचा चित्कार आला. तो खोलीभर झाला, काचेच्या नदीवरून गेला. सूर्यभानला सांगता आलं असतं. थांब, मी तो मुद्दाम उलटा लावला होता. एवढंच वाक्य. त्यानं तोंड उघडलं. कोकिळानं फोन खांद्यात धरून त्याच्याकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांत अजून पाणी होतं आणि त्या पाण्यात त्याचा पुलाचा दिवा. ती त्याच्यासाठी किती दुपारी हे करत आली होती, गप्प राहत आली होती. तो एका संध्याकाळपुरता गप्प राहिला.

“अजून एक लावा की,” ती फोन ठेवून म्हणाली. “मी बघते. बऱ्याच दिसांत तुमाला लावताना बघितलं न्हाई.”

त्यानं लाख मोडून मागची फळी काढली आणि कैची, तार, नवा दिवा समोर घेतला. डबीतून राळेचा वास आला. त्यानं दिवा बोटांत फिरवला. लांब पाय, आखूड पाय. आतला म्हणाला, आखूड. त्यानं आतल्याचं ऐकून घेतलं, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचं ऐकावं तसं, मान डोलवून. आणि लांब पाय लाल तारेला लावला. कथलाचा थेंब पडला. या वेळी झोपेची वाट न पाहता त्यानं इंजिन पुढे ढकललं. दिवा लागला. कोकिळानं टाळी वाजवली आणि लगेच लाजून पदर सारखा केला.

“बघा,” ती म्हणाली. “म्हणलं नव्हतं?”

बाहेर अंधारून यायला लागलं होतं. परळीकडची पॅसेंजर परभणी सोडताना वाजते तशी दूर वाजली. ती वाजली की आत्ता किती वाजले असतील हे सूर्यभानला माहीत होतं, अगदी पक्कं माहीत होतं, आणि त्या पक्केपणालाच तो घाबरला. कोकिळा जिन्याच्या तोंडाशी पोचली होती. तिथून तिनं वळून रोजच्यासारखं विचारलं, “संध्याकाळची गोळी घेतलाव का?”

घेतली होती. पाण्याचा पेला त्याला दिसत होता, जिभेवर कडूपणा होता, पेला ठेवताना ओट्यावर उमटलेलं ओलं कडंसुद्धा दिसत होतं. तो ‘हो’ म्हणायला गेला. मग ‘नाही’ म्हणायला गेला. दोन्ही शब्द त्याच्या तोंडाशी समोरासमोर येऊन उभे राहिले, आणि कुणाला आधी सोडावं ते त्याला कळेना.

“तूच सांग,” तो म्हणाला. “तू सांगशील ते.”